बडोद्याच्या आर्किटेक्चरमधून कोण घडलं?

मांजलपूरची आई:
लेकीला एम. एस. युनिव्हर्सिटीत बी. आर्क.ला प्रवेश मिळतोय. सासरची मंडळी म्हणतात, आर्किटेक्चर करायचं तर अहमदाबादच. बडोद्यात शिकून कोण मोठं झालंय? पोरगी ऐकून हिरमुसली आहे. पाच वर्षांचा प्रश्न आहे. नाव काढलेलं कुणी आहे का इथलं?

दांडियाबाजारकर:
ताई, त्यांना आधी हसमुख पटेल सांगा. शिकले बडोद्यात, पुढे अमेरिकेत कॉर्नेलला, आणि काम केलं अहमदाबादेत. नेहरू पुलाजवळचं चिनुभाई सेंटर, त्यावरचं फिरतं 'पतंग' रेस्टॉरंट त्यांचंच. तिथल्याच सेप्ट या आर्किटेक्चरच्या नावाजलेल्या संस्थेत शिकवलंही त्यांनी.

दुसरे करण ग्रोव्हर. ते तर बडोद्यातच राहिले. हैदराबादचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर त्यांचं. 2003 मध्ये त्याला लीड प्लॅटिनम, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींचं सर्वात वरचं मानांकन मिळालं, अमेरिकेबाहेर पहिल्यांदाच. मला मात्र मानांकनापेक्षा ती इमारत चालते कशी, याचं अप्रूप जास्त. मधोमध चौक. भिंतींना जाळ्या, म्हणजे उजेड आत येतो पण उन्हाचा कडाका बाहेरच राहतो. आणि वारा पकडणारे उंच मनोरे: वरून शिरलेली गरम हवा पाण्याच्या फवाऱ्याने गार होते, मग एसीच्या यंत्रात जाते. यंत्राचं काम आधीच हलकं! चौक आणि जाळी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. ती नव्या ऑफिसात कामाला लावणं, हे खरं शिक्षण.

पावागडच्या पायथ्याचं जुनं शहर चांपानेर 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, त्यामागेही ग्रोव्हरांची वर्षानुवर्षांची खटपट आहे. लेकीला एका रविवारी तिथे घेऊन जा. जामा मशिदीच्या जाळ्या अगदी जवळ उभं राहून बघू दे.

सुरसागरकाठची:
माधव आचवल कसे राहिले? विद्यार्थी नव्हे, पण इथेच शिकवायचे. 'किमया' हे पुस्तक त्यांचंच, 1961चं. वास्तुकलेवर इतकं सुंदर मराठी मी दुसरं वाचलेलं नाही. आर्किटेक्चरला न जाणाऱ्यांनीही वाचावं. ज्या विभागात असा मास्तर होता, त्याला कमी लेखू नये कुणी.

मांजलपूरची आई:
मनापासून आभार. लेकीने सगळं मोठ्याने वाचून आजीला ऐकवलं. चांपानेरचं ठरलं. ड्रॉइंगचं सामान आत्ताच घेऊन ठेवू का?

दांडियाबाजारकर:
थांबा. पहिल्या आठवड्यात सर सांगतील तेवढंच घ्या.