विनापरवाना अल्ट्रालाइट : जीव एकट्याचा, मग लायसन्स कशाला?

माळरान (विस्कॉन्सिन)

पुण्याहून ताईचा फोन आला होता. "लायसन्स नसताना विमान उडवतोस म्हणे? पकडलं म्हणजे?" तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतो, कारण आपल्या लोकांत हा विषय निघाला की दर वेळी पहिला प्रश्न हाच असतो.

कोणी पकडणार नाही. अल्ट्रालाइट म्हणजे एका माणसाचं अगदी हलकं विमान, आणि त्याच्यासाठी अमेरिकेत १९८२ पासून पार्ट १०३ हा नियम आहे. सीट एकच, रिकाम्या यंत्राचं वजन २५४ पौंडांच्या आत (साधारण ११५ किलो), टाकीत जास्तीत जास्त ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर पेट्रोल, पूर्ण ताकद लावूनही सरळ उड्डाणात वेग ५५ नॉटच्या (ताशी साधारण १०० किमी) वर जाता कामा नये आणि स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलत नाहीत तो वेग, २४ नॉटच्या वर असता कामा नये. एवढ्यात बसलं तर ना पायलटचं लायसन्स, ना मेडिकल, ना नोंदणी. त्या बदल्यात उडायचं दिवसाउजेडी, तेही फक्त हौसेसाठी. दाट वस्तीवरून, जमावावरून जायचं नाही. दुसरं कुठलंही विमान दिसलं की वाट आपण सोडायची.

माझ्या मते हा नियम योग्य आहे आणि तो असाच राहावा. १९७५ मध्ये याच विस्कॉन्सिनमध्ये जॉन मूडी यांनी हँग ग्लायडरला छोटं इंजिन बांधलं आणि गोठलेल्या तळ्यावर धावत जाऊन उड्डाण केलं. पुढच्या वर्षी ऑशकॉशच्या विमानांच्या मेळ्यात लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं. लायसन्स काढायला आज सहज दहा हजार डॉलरच्या वर खर्च येतो. ज्याच्याकडे तेवढा पैसा नाही त्यालाही आकाश मिळालं ते या माणसांमुळे. मी दुसऱ्या कोणाला बरोबर नेऊ शकत नाही, गावावरून जाऊ शकत नाही. धोका माझा मला आहे. मग परवानगी कोणाची मागायची?

निशिगंध (टेक्सास)

असहमत, आणि मनापासून असहमत.

मी बरीच वर्षं इमर्जन्सीत नर्स आहे. एकदा शेतातून एकाला आणलं होतं. चाळिशीचा असेल. उडायला लागून तीन महिने झाले होते. उड्डाण घेताच इंजिन बंद पडलं आणि त्याने धावपट्टीकडे परत वळायचा प्रयत्न केला. आम्ही त्याचे कपडे कापले तेव्हा सगळ्या खोलीत पेट्रोलचा वास सुटला होता. बायको बाहेर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. बूट इथे ठेवा म्हटलं तर देईना. तो वाचला, पण आता चालत नाही.

"जीव एकट्याचा" हे वाक्य मला त्या बाईसमोर म्हणून दाखवा. शिवाय अँब्युलन्स घेऊन शेतात धावणारी माणसं, ऑपरेशन करणारे, नंतर त्याला उचलून बसवणारे, हे सगळे त्या एका सीटवर बसलेले असतातच.

मी बंदी मागत नाही. मोटरसायकलला जेवढं लागतं तेवढं तरी मागा. एक परीक्षा आणि शिकवणाऱ्याची एक सही.

माळरान

निशिगंधताई, तुम्ही जे पाहिलंय त्यापुढे वाद घालणं जड जातं. तरी बोलतो. मोटरसायकल भर रस्त्यात, दुसऱ्यांच्या पोराबाळांमधून जाते, म्हणून तिला परीक्षा. मी मक्याच्या शेतावरून जातो. बायकोचं दुःख खरंच आहे, पण ते डोंगर चढणाऱ्याच्या बायकोलाही असतं, आणि आपण गिर्यारोहकाकडे लायसन्स मागत नाही.

टू_स्ट्रोक (कोल्हापूर)

कायद्यातलं मला कळत नाही. तीस वर्षं गॅरेज आहे, त्यातली निम्मी टू-स्ट्रोकवर गेली, म्हणून इंजिनाचं सांगतो.

या हलक्या विमानांत बऱ्याचदा रोटॅक्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन असतं. कंपनीच्या मॅन्युअलमध्येच इशारा आहे की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं. यात इंजिनाचा दोष नाही, जातच तशी. पेट्रोलच्या मिश्रणात ऑइल कमी पडलं, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा येऊन पेट्रोल कमी गेलं, किंवा थंड इंजिनावर एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. आमच्याकडे आरएक्स १०० मोटरसायकल अशी सीज होऊन यायची. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, नख फिरवलं तरी अडकायचं. पण गाडी सीज झाली की पोरगं क्लच दाबून कडेला घेतं. तुम्ही वर कुठल्या कडेला घेणार?

लायसन्स असो नसो, ज्याला स्वतःच्या हाताने प्लग काढून त्याचा रंग वाचता येत नाही त्याने यात बसू नये.

घारघर (पुणे)

माळरान यांच्या बाजूने.

मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो. पहिले दिवस नुसतं जमिनीवर पंख उभा करणं आणि पाडणं. वारा वाढला की सर हात वर करायचे, विषय संपला, कितीही पैसे भरलेले असू देत. ती शिस्त सरांच्या आणि बरोबरच्यांच्या धाकातून आली, सरकारी कागदातून आली नाही.

आपल्याकडे मायक्रोलाइट (असंच हलकं विमान) उडवायचं तर डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान खात्याची, नोंदणी हवी आणि लायसन्सही हवं. कितीजण उडवतात? बोटावर मोजण्याइतके. निशिगंधताईंची एक सही सुरू झाली की तिच्यामागे दहा येतात, हा आपला रोजचा अनुभव आहे.

सेसना१७२ (न्यू जर्सी)

माझ्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे आणि तरी मला दोन्ही बाजूंना थोडं खोडायचंय.

मला वाटायचं, ज्याला सेसना (चार सीटचं नेहमीचं छोटं विमान) उडवता येतं त्याला हे खेळणं काय अवघड. एका मित्राच्या अल्ट्रालाइटमध्ये बसलो. सेसनात पॉवर काढली की नाक खाली करायला निवांत वेळ मिळतो, कारण विमानाला वजन असतं, ते पुढे रेटत राहतं. इथे वजन नाही आणि तारा, नळ्या, उघडा बसलेला मी, सगळा वाऱ्याला अडथळा. उतरताना पॉवर काढली आणि दोन श्वासांत वेग गेला. जमिनीपासून दहा-बारा फुटांवरून विमान धोंड्यासारखं खाली आदळलं. चाकाचा दांडा वाकला, पाठ महिनाभर दुखली. म्हणजे लायसन्समुळे मी वाचलो नाही. उलट त्याच्या भरवशावरच चुकलो. निशिगंधताईंनी सांगितलेला माणूस मागे वळला, तिथेही हेच: आधी नाक खाली घालून समोर जे शेत येईल त्यात उतरायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की परीक्षा नको, पण दोन सीटच्या हलक्या विमानात शिक्षकाबरोबर काही तास सक्तीचे हवेत. पार्ट १०३ ची खरी अडचण कोणी बोलत नाही. सीट एकच, म्हणजे त्या यंत्रातलं तुमचं पहिलं उड्डाण एकट्याचंच. पूर्वी शिकवण्यासाठी दोन सीटच्या अल्ट्रालाइटला खास सूट होती, ती जानेवारी २००८ मध्ये संपली. आता शिकायचं तर लाइट-स्पोर्ट (नोंदणी असलेलं, दोन सीटचं हलकं) विमान गाठावं लागतं, आणि ते सगळीकडे मिळत नाही. स्वस्तात शिकायची वाट बुजली आणि न शिकता उडायची वाट उघडी राहिली.

ब्रिटनमध्ये एकसीटी मायक्रोलाइटच्या यंत्राला तपासणीतून सूट दिली, पण उडवणाऱ्याला लायसन्स लागतंच. मला ती विभागणी जास्त पटते.

माळरान

सेसना साहेब, दोन सीटची सूट परत यावी यावर शंभर टक्के सहमत. सक्तीवर अजून नाही.

मी स्वतः चौदा तास शिकलो. शिक्षक न सांगता थ्रॉटल मागे घ्यायचे आणि विचारायचे, "शेत कुठलं?" उत्तर द्यायला वेळ लागला की पुन्हा वर. अजूनही उडताना माझी नजर दर मिनिटाला शेत शोधते.

निशिगंध

चौदा तास घेतलेत याचं बरं वाटलं. एकच विचारते. ते घेतले नसते तर तुम्हाला कोणी अडवलं असतं?

माळरान

नाही. कोणीही नाही.

निशिगंध

मग माझा मुद्दा तोच आहे. तुम्ही शहाणे निघालात हे नियमाचं कर्तृत्व नाही.

आणखी एक. अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट मिळतं, ते तुमच्याकडे आहे का?

माळरान

नाही. त्याच्यासाठी २४ पौंड वेगळे मिळतात, तेवढे २५४ मध्ये धरत नाहीत, म्हणजे वजनाची सबबही मला सांगता येत नाही. किंमत बघून दोन वेळा मागे ठेवलं. त्या बाईच्या मांडीवरचे बूट काल रात्री डोक्यातून जाईनात. या हिवाळ्यात बसवतो. नियमाबद्दलचं मत बदललेलं नाही.

टू_स्ट्रोक

इंजिन मागे आहे की पुढे? मागे असेल तर पॅराशूटचा पट्टा पंख्यापासून (प्रोपेलरपासून) लांब कुठून न्यायचा ते बसवणाऱ्याकडून कागदावर काढून घ्या. आणि हँडल ओढायच्या आधी इंजिन बंद करायचं. जमिनीवर बसून शंभर वेळा करा, आधी स्विच, मग हँडल. पंखा फिरता राहिला तर दोऱ्या गुंडाळून घेईल.