एम-वनमधली गुठळी: आधी सक्शन की थेट स्टेंट रिट्रीव्हर?

न्यूरो_फेलो
एम-वन (मेंदूच्या मधल्या धमनीचा पहिला भाग) गुठळीने बंद असताना पहिला हात कशावर टाकता: सक्शन (कॅथेटरने गुठळी शोषून काढणं) की स्टेंट रिट्रीव्हर (गुठळीत उघडून तिला ओढून आणणारी जाळी)? ॲस्टर ट्रायलमध्ये (२०१७) रक्तप्रवाह परत येण्याचं प्रमाण सक्शनने ८५.४ आणि स्टेंट रिट्रीव्हरने ८३.१ टक्के होतं. कंपासमध्येही (२०१९) नव्वदाव्या दिवशी स्वावलंबी असलेले पेशंट ५२ विरुद्ध ५० टक्के. म्हणजे आकड्यांवरून काहीच ठरत नाही. मग प्रत्यक्ष टेबलवर निवड कशी करायची? आणि सक्शनचे दोन पास (गुठळी काढायचे प्रयत्न) फुकट गेले तर पुढे काय?

कॅथलॅब_रात्रपाळी
आधी सीटी अँजिओ नीट बघा, आर्चपासून (महाधमनीच्या कमानीपासून). कॅरोटिड (मानेतली धमनी) सरळ असेल आणि गुठळी टर्मिनल आयसीए (आतल्या कॅरोटिडचं वरचं टोक) किंवा एम-वनच्या सुरुवातीला असेल, तर आधी सक्शन. झटपट होतं, शिवाय स्टेंट रिट्रीव्हरचा खर्च पेशंटच्या माथी पडत नाही.

०.०७० इंचाच्या आसपासच्या आतल्या व्यासाचा सक्शन कॅथेटर मायक्रोकॅथेटरवरून वर न्यायचा. अडतो तो बहुतेक वेळा ऑफ्थॅल्मिक आर्टरीच्या (डोळ्याच्या धमनीच्या) तोंडाशी, कारण त्याचं रुंद तोंड आणि आतला बारीक मायक्रोकॅथेटर यांत फट राहते आणि कड तिथे टेकते. तिथे रेटू नका. ०.०२१ ऐवजी ०.०२७ चा मायक्रोकॅथेटर घ्या, फट कमी होते.

टोक गुठळीला भिडलं की पंप पूर्ण ताकदीवर. नळीतलं रक्त थांबलं पाहिजे. वाहतच राहिलं तर तोंड गुठळीवर बसलेलं नाही, जरा पुढे सरका. थांबलं की किमान दीड-दोन मिनिटं धीर धरा, मग सक्शन चालू ठेवूनच सावकाश ओढा.

एक गोष्ट हमखास राहते. कॅथेटर बाहेर आला की लगेच रन (कॉन्ट्रास्ट सोडून धमनीचं चित्र) घेऊ नका. गुठळीचा तुकडा पुष्कळदा गाइडच्या (बाहेरच्या मोठ्या कॅथेटरच्या) तोंडाशी किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकलेला असतो आणि कॉन्ट्रास्टच्या धक्क्याने तो परत वर जातो. आधी गाइडमधून सिरिंजने रक्त मोकळेपणी ओढून घ्या. येत नसेल तर व्हॉल्व्ह उघडून साफ करा. तोवर इंजेक्शन बंद.

पहिलाच_पास
गुठळी दुभाजनावर (एम-वनला फांद्या फुटतात तिथे) असेल, वळणं जास्त असतील किंवा ती लांब असेल, तर मी पहिल्याच पासला दोन्ही एकत्र वापरतो. ॲस्टर-२ मध्ये (२०२१) जवळपास संपूर्ण प्रवाह दोन्हींनी ६४.५ विरुद्ध नुसत्या रिट्रीव्हरने ५७.९ टक्के पेशंटमध्ये आला. फरक सांख्यिकीत टिकला नाही हे खरं, पण अवघड नसेत मला यावर भरवसा आहे.

०.०२१ चा मायक्रोकॅथेटर गुठळीपलीकडे न्या. ४ बाय ४० मिमीचा रिट्रीव्हर असा उघडा की गुठळी त्याच्या मधल्या भागात येईल, टोकाला नव्हे. तीन ते पाच मिनिटं थांबा, जाळी गुठळीत रुतू द्या. मग मायक्रोकॅथेटर काढून टाका. तो आत राहिला तर सक्शनची बरीचशी जागा खातो. सक्शन कॅथेटर गुठळीला भिडवून अवरोध जाणवला की दोन्ही एकत्र धरून एकाच दमात गाइडमध्ये ओढा. रिट्रीव्हर सक्शन कॅथेटरच्या पूर्ण आत घेण्याच्या नादात त्याच्या तोंडाशी गुठळी खरवडली जाते आणि तुकडे एसीएत (मेंदूच्या पुढच्या धमनीत) जातात.

बलून गाइड (टोकाशी फुगा असलेला गाइड) मात्र आंधळेपणाने वापरू नका. चीनमधल्या प्रोटेक्ट-एमटीमध्ये (२०२४) बलून गटाचे निकाल उलट वाईट निघाले.

न्यूरो_फेलो
धन्यवाद सर. रिट्रीव्हर उघडताच छान प्रवाह दिसतो, काढला की दहा मिनिटांत परत बंद. हा पासचा दोष धरायचा का?

आयसीएडी_बघा_आधी
नाही, तिथे मूळचं अरुंदीकरण आहे असंच धरून चाला. आपल्याकडे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा अथेरोस्क्लेरोसिस (आयसीएडी, म्हणजे भिंतीत चरबी साचून वाहिनी अरुंद होणं) युरोप-अमेरिकेपेक्षा बराच जास्त दिसतो. बंद जागा दुभाजनावर नसून मधल्या खोडावर असेल, तर संशय अजून पक्का.

अशा वेळी पासवर पास मारणं सर्वांत घातक. प्रत्येक ओढीत आतलं अस्तर सोलवटतं आणि तिथे नवी गुठळी धरते. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा रन घ्या. आकसलेपणाची (स्पाझमची) शंका असेल तर निमोडिपीन (वाहिनी सैल करणारं औषध) सावकाश द्या. स्पाझम सुटतो, अरुंदीकरण तसंच राहतं. परत बंद होत असेल तर टिरोफिबान (प्लेटलेट एकत्र चिकटू न देणारं औषध), त्यानेही भागलं नाही तर छोट्या बलूनने अँजिओप्लास्टी किंवा स्टेंट. पण आधी अल्टेप्लेस किंवा टेनेक्टेप्लेस (गुठळी विरघळवणारं औषध) दिलंय का आणि इन्फार्क्ट (मेंदूचा मेलेला भाग) केवढा आहे हे बघूनच. मोठ्या इन्फार्क्टमध्ये अशी औषधं रक्तस्राव ओढवून आणतात. टेबलवरच फ्लॅट पॅनेल सीटी होत असेल तर त्याआधी करून घ्या.

कॅथलॅब_रात्रपाळी
यात एक भर. गुठळी ओलांडताना वायरचं टोक जे-वळणात ठेवा. सरळ टोक बारीक फांदीत घुसतं आणि तिथेच भोक पडतं. कॉन्ट्रास्ट बाहेर सांडताना दिसला तर मायक्रोकॅथेटर मागे ओढू नका, त्या भोकापर्यंतची वाट तोच आहे. बीपी खाली, हेपारिन दिलं असेल तर प्रोटामीन (त्याचा उतारा), गाइडमध्ये बलून असेल तर फुगवा, आणि कॉइल (भोक बुजवायची बारीक तार) तयार ठेवायला सांगा.