फ्रेल्टी : अशक्तपणा, क्षीणता की थकलेपण?

वृद्ध माणसांची देखभाल करणाऱ्या कुटुंबांसाठी एका आरोग्यपत्रकाचा मराठी मजकूर तयार करते आहे. पहिल्याच परिच्छेदात 'फ्रेल्टी' (उतारवयात शरीराची ताकद आटत जाण्याची अवस्था) या शब्दापाशी अडले. आधीच्या मसुद्यात एका ठिकाणी 'दुर्बलता' आहे, दुसरीकडे 'अशक्तपणा', तिसरीकडे 'जराजन्य क्षीणता'. एकही पटत नाही. अशक्तपणा तर तापातून उठलेल्या पंचविशीतल्या मुलालाही येतो. 'दुर्बल' म्हटलं की पुढे 'घटक' आपोआप येतं. आणि 'जराजन्य क्षीणता' घरात कोण बोलणार? काय वापरावं?

—

आधी ही संज्ञा नेमकं काय मोजते ते पाहू. २००१ साली अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा ठरवल्या : प्रयत्न न करता वर्षभरात घटलेलं वजन, सतत वाटणारा थकवा, हाताची सैल पडलेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यातल्या तीन किंवा जास्त असल्या तर ती व्यक्ती फ्रेल; एक किंवा दोन असल्या तर त्याच्या आधीची पायरी. म्हणजे हा एखाद्या अवयवाचा आजार नव्हे. शरीराची शिल्लक आटलेली असते. एरवी दिवस सुरळीत जातो, पण साधा ताप, एखादी नवी गोळी किंवा घरातल्या घरात पाय घसरणं एवढ्यावरून माणूस अंथरुणाला खिळतं आणि उठलं तरी पूर्वीसारखं होत नाही.

यासाठी मराठीत शब्द आहे आणि तो रोज आपल्या तोंडी असतो. 'बाबा आता थकलेत.' ऐकणारा कधी विचारतो का, की कशानं थकले, कुठून चालत आले? नाही विचारत. त्याला कळतं की खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर भार द्यावा लागतो, बाटलीचं झाकण दुसऱ्याकडे द्यावं लागतं, जिना चढताना मधे थांबावं लागतं. वर सांगितलेल्या खुणा या एका वाक्यात जवळपास सगळ्या आल्या.

माझं मत : फ्रेल्टी म्हणजे 'थकलेपण'.

—

शब्द सुरेख आहे, पण एक अडचण दिसते. पाच खुणांपैकी एक खूण 'थकवा'च आहे. मग थकलेपणाचं एक लक्षण थकवा, असं वाक्य होईल. वाचणारा गोंधळणार नाही का?

—

नाही गोंधळणार, कारण बोलताना आपण हा भेद अचूक पाळतो. 'आई, थकलीस का गं?' हा प्रश्न आजच्या दिवसाबद्दल आहे; ती जरा पडली की थकवा उतरेल. 'आई थकली आता' यात झोपेनं भरून निघेल असं काही नाही. सगळा भार त्या 'आता'वर आहे. थकवा येतो आणि जातो. थकलेपण ही अवस्था आहे.

—

माझी हरकत वेगळी आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 'थकलेत' या शब्दात हात टेकल्याचा सूर आहे. माझी मावशी वर्षभरात हळूहळू मंद होत गेली. बोलणं संथ, चालणं संथ, दुपारभर पडून राहणं. आम्ही सगळे म्हणत राहिलो, 'थकली ती आता.' ज्यांना दाखवलं त्यांनीही दोन वेळा 'वयोमानानुसार' एवढंच सांगून परत पाठवलं. पुढे रक्त तपासलं तेव्हा कळलं की थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावलं होतं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत ती पुन्हा स्वतःची कामं स्वतः करू लागली. त्या एका शब्दानं आम्ही तिचं एक वर्ष घालवलं, याचं वाईट वाटतं.

फ्रेल्टीवरचं संशोधन तर सांगतं की ही अवस्था काही प्रमाणात मागे फिरू शकते : स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, पुरेशी प्रथिनं, नको असलेल्या औषधांची छाटणी. सुरुवातीच्या टप्प्यात तर जास्तच. पत्रकातल्या शब्दानं ही दारं बंद करू नयेत.

—

मावशींबद्दल लिहिलंत ते बरं झालं. पण मला दोष 'थकली'पेक्षा 'वयोमानानुसार'चा वाटतो. तो शब्द वय आणि अवस्था एकच करून टाकतो. जुनी भाषा असं करत नव्हती. 'वृद्ध' आला 'वृध्' धातूपासून, म्हणजे वाढलेला. 'वृद्धी' त्याच घरातली. 'जरा' आली 'जॄ'पासून, म्हणजे झिजणं. जीर्ण आणि जर्जर तिची भावंडं. (ग्रीक 'गेरोन' हाही याच मुळाचा, त्यावरून १९०३ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं 'जेरोंटॉलॉजी', म्हणजे वार्धक्याचा अभ्यास, हा शब्द रुजवला.) म्हातारा तर 'महत्तर'वरून, म्हणजे अधिक मोठा. वाढणं वेगळं, झिजणं वेगळं.

धोरणातही हाच घोळ होतो. ६५ वर्षांवरच्या लोकांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली, जपानला २४. हे आकडे वृद्ध मोजतात. त्यातले थकलेले किती, हे ते सांगत नाहीत. आणि काळजीची गरज, खर्च, मनुष्यबळ हे सगळं त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या वयावर नव्हे, तर माणूस काय काय करू शकतो यावर बेतली.

—

सार्कोपेनियाचंही विचारून घेते. 'स्नायुक्षय' चालेल?

—

मी टाळेन. स्नायुक्षय म्हटलं की अनेकांना मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक आजार आठवतो. 'वयाबरोबर स्नायूंची होणारी झीज' असं सरळ लिहा, कंसात सार्कोपेनिया.

—

सगळ्यांचे आभार. शीर्षकात 'थकलेपण (फ्रेल्टी)' ठेवते. मावशींचा अनुभव वाचून पहिलं वाक्य बदललं : 'घरातलं माणूस थकलंय असं वाटू लागलं, तर ते वयावर सोडू नका, कधीपासून आणि काय काय जमेनासं झालं, ते डॉक्टरांना सांगा.' आता फक्त आधीच्या पायरीला शब्द हवा. 'पूर्व-थकलेपण' अगदीच कृत्रिम वाटतं.

—

त्यालाही आहे की घरात शब्द. 'थकत चाललेत.'