‘सोमॅटिक थेरपी’ला गावात काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची नावं म्हणजे त्यांची गावं.)

मोर्शी: आशाताईंसाठी दोन पानी पत्रक करायचं आहे. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसाशी शरीराकडून सुरुवात कशी करायची, हा विषय. छापील भाषांतरात ‘देहकेंद्री आघातोपचार’ सापडला, पण गावात हे बोलणार कोण? ट्रॉमा, ग्राउंडिंग (लक्ष आत्तावर आणणं), टायट्रेशन (त्रासाकडे थोडं थोडं जाणं), डिस्चार्ज (अडकलेला ताण सुटणं) यांनाही शब्द सुचवा.

वर्धा: ‘सोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये देह. शाळेच्या पुस्तकात ‘कायिक पेशी’ आहेच, म्हणून ‘कायिक उपचार’ चालेल. ‘कायचिकित्सा’ नको, ती आयुर्वेदाची शाखा. ‘शारीरिक उपचार’ म्हटलं की लोकांना मालिश आठवते. आणि ‘अंगातली भीती बाहेर काढणं’ असं तर चुकूनही लिहू नका. अंगात येणं, अंगातलं काढणं हे शब्द आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहेत. वाचणारा थेट भगताकडे जाईल.

दर्यापूर: ट्रॉमासाठी ‘धसका’. ‘आघात’ बाहेरून होतो, धसका माणूस घेतो आणि तो आत बसतो. शिवाय पक्षाघातामुळे ‘आघात’ ऐकला की लकवाच डोळ्यांपुढे येतो. सोमॅटिक एक्स्पिरियन्सिंग मांडणारे पीटर लेव्हिन हेच सांगतात: पळायची किंवा लढायची तयारी अंगात अर्धवट राहून जाते, त्रास तिचा असतो. आपल्या वाक्प्रचारांत तर तिचे प्रकारही आहेत. ‘दातखीळ बसली’, ‘पाय थिजले’ हे ताठरणं. ‘हातपाय गळाले’ हे ढिलं पडणं. पत्रकात दोन्ही वेगळे ठेवा ताई, कारण कृती वेगळी. ताठरलेल्याला खांदे, जबडा थोडे थोडे सैल करायला सांगायचं. गळालेल्याला उभं करून दोन्ही तळहातांनी भिंत ढकलायला लावायची. त्याला ‘डोळे मिटा, शांत पडा’ म्हटलं तर तो आणखी बुडतो.

पुसद: ग्राउंडिंगला ‘पाय जमिनीवर’ नको, त्याचा अर्थ गर्व नसणं. ‘अर्थिंग’ मोटारपंपामुळे सगळ्यांना कळतं, म्हणून मोह होतो, पण लोकांना वाटेल की अंगातला करंट जमिनीत सोडायचा आहे. इथे कुठे काही जात नाही, लक्ष ‘तेव्हा’वरून ‘आत्ता’वर येतं. साधं ‘भानावर आणणं’ लिहा.

कृती अशी. ओट्यावर किंवा पाठ असलेल्या खुर्चीत बसायचं, टाचा टेकलेल्या, डोळे उघडे. मान सावकाश वळवत पाच वस्तूंची नावं घ्यायची: कॅलेंडर, टोपली, दाराची कडी. मग टाचेखाली काय लागतं ते सांगायचं, फरशी की सारवण. श्वास ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. ‘जोरजोरात श्वास घ्या’ ही नेहमीची चूक. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरलेला माणूस म्हणतो आता झटकाच आला.

मोर्शी: टायट्रेशन? रसायनशास्त्रातलं ‘अनुमापन’ नको वाटतं.

परतवाडा: ठिबक! संत्रावाल्याला समजावून सांगावं लागणार नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी धो धो सोडलं तर मुरत नाही, वर साचतं. तासाला ४ लिटरचा ड्रिपर तेच काम नीट करतो. इथेही आधी अंगातली बरी जागा शोधायची, तळहात किंवा टाचा. तिथे अर्धा मिनिट लक्ष ठेवायचं. मग पोटातल्या गोळ्याच्या मधोमध नाही, कडेला १०-१५ सेकंद. परत तळहातावर. अशा तीन-चार फेऱ्या, मग बस. या ये-जा करण्याला ‘झोका’ म्हणा.

डिस्चार्जला ‘निचरा’ रुळलेला आहे, पण मला तो खटकतो. निचरा म्हटलं की सगळं एकदाच वाहून जावं असं वाटतं, आणि मग ‘सगळं सांग, रडून मोकळी हो’ सुरू होतं. ‘पाझर’ कसा?

वर्धा: पाझर दगडाला फुटतो, दया आली की. नको. ‘निचरा’च ठेवा, आधी ‘थोडा थोडा’ लावा. खुणाही द्या: जांभई, सुस्कारा, पोटात गुडगुड, हात गरम होणं, हलकी थरथर, हे होऊ द्यायचं. नजर एका जागी खिळली, उत्तर उशिरा यायला लागलं, हात गार पडले, तर तिथेच थांबायचं. तोंडावर पाणी, उभं करायचं, आज वार कोणता ते विचारायचं.

यवतमाळ: थरथर प्रत्येक वेळी निचरा नसते, हे ठळक छापा. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड दिसली तर झोकाबिका काही नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, दवाखाना गाठा. छातीत दाब येऊन डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर आधी ईसीजी. जीव द्यायचं मनात असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ लावायचा.

आणि ‘बरा होतो’ असं लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये धसक्याच्या आजारासाठी सुचवलेत ते विचार-वर्तन उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम करण्याची पद्धत). कायिक पद्धतींवरचा अभ्यास त्यामानाने थोडा आहे.

दर्यापूर: एक राहिलं. पत्रकात पहिला प्रश्न ‘तुम्हाला नेमकं काय जाणवतं?’ असा ठेवू नका. आपल्याकडे सहसा विचारतात ‘काहून घाबरता?’ त्याला उत्तर म्हणजे सगळी कर्मकहाणी. ‘कुठी वाटते?’ विचारलं की हात आपोआप छातीवर जातो. पुढचा प्रश्न: ‘केवढं? लिंबाएवढं का नारळाएवढं?’ जरा वेळाने तेच पुन्हा विचारायचं. नारळाचं लिंबू झालं असेल तर त्या दिवशी तिथेच थांबा.