मदत हवी आहे: पिवळ्या फेटेवाल्यांच्या घोषणेतलं 'निळं आभाळ' कुणाचं?

राम राम मंडळी, आमचे चिरंजीव एक गेम खेळतात, त्यात झांग जुए नावाचा दाढीवाला बुवा काठीतून आग ओकतो. "बाबा, हा खरा होता का?" असं विचारलंन म्हणून वाचायला बसलो आणि तीन रात्री गेल्या.

खराच होता. चीनमधल्या हान घराण्याच्या पडत्या काळातला, जुलू भागातला. रोगराई चालू होती आणि दरबारात पैसे घेऊन पदं विकत होते, अशात यानं 'महाशांतीचा मार्ग' म्हणून पंथ काढला. आजाऱ्याला गुडघे टेकून पापं कबूल करायला लावायची, मग मंतरलेलं पाणी पाजायचं. बरा झाला तर श्रद्धा फळली, नाही झाला तर श्रद्धाच कमी पडली (ओळखीचं वाटतंय ना?). दहाएक वर्षांत लाखो अनुयायी, त्यांच्या ३६ तुकड्या, मोठ्या तुकडीत १० हजारांवर माणसं! इ.स. १८४ मध्ये उठावाचा दिवस ठरला पण एका चेल्यानंच चुगली केली, राजधानी लुओयांगमध्ये मा युआनयी हा म्होरक्या पकडला गेला, त्याला गाड्यांना बांधून फाडलं, मग बाकीच्यांनी डोक्याला पिवळी फडकी बांधून ठरल्याआधीच बंड केलं.

आता माझं अडलंय ते इथे. घोषणा अशी: निळं आभाळ मेलं, आता पिवळं आभाळ येणार, साल जियाझी, जगाचं भलं होणार. जियाझी म्हणजे ६० वर्षांच्या चक्रातलं पहिलं, आपल्या प्रभव संवत्सरासारखं. 'जियाझी' ही दोन अक्षरं सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर पांढऱ्या मातीनं लिहून ठेवली होती. पण चिनी पाच तत्त्वांच्या (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) हिशोबात प्रत्येक घराण्याला एक तत्त्व आणि त्याचा रंग, त्यात हान म्हणजे अग्नी, लाल. अग्नीतून माती, म्हणून पिवळं, हे कळलं. मग मरणारं आभाळ लाल नको का? निळा-हिरवा तर लाकडाचा! जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १: पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रतिसाद २: तत्त्वांचा रंग तिथे लावूच नका. 'त्सांग थ्येन' हा आभाळाला जुना शब्द आहे, जुन्या कवितांतही येतो. म्हणजे तुमचं जुनं आभाळ, ज्याच्या नावानं बादशहा राज्य करतो, तेच गेलं. यावर अभ्यासकांचं एकमत नाही पण मला हेच पटतं.

धागालेखक: अरे हे भारी आहे, धन्यवाद! आणि तो मेला कसा? गेममध्ये पोरगा त्याला तलवारीनं मारतो.

प्रतिसाद २: आजारानं, त्याच वर्षी. धाकटे भाऊ झांग लियांग आणि झांग बाओ लढाईत गेले. सेनापती हुआंगफू सोंगनं झांग जुएची शवपेटी फोडून मुंडकं राजधानीला पाठवलं.

धागालेखक: मंतरलेलं पाणी पाजणारा आजारानं गेला! हे चिरंजीवांना सांगतो. शवपेटीचं नाही सांगत, वय वर्षं ९ आहे.