आर्किटेक्टकडून आलेल्या रार फाइल्स घरच्या संगणकावर फुकटात कशाने उघडू?

सहकारनगर_सचिव:
सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे आर्किटेक्टने गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवली आहे. पार्ट१ ते पार्ट५ अशा आवळलेल्या पाच फाइल्स, शेवटी डॉट रार, मिळून आठ-नऊ जीबी. घरचा डेस्कटॉप विंडोज १०, रॅम ४ जीबी, सी ड्राइव्हवर ९ जीबी मोकळी, डीवर ६०. मेहुण्याने कधीकाळी अशा फाइल्स उघडणारं मोफत सेव्हन-झिप ९.२० टाकून दिलंय. त्यात पहिली फाइल उघडायला गेलं की 'कॅन नॉट ओपन फाइल ॲज आर्काइव्ह' येतं. रविवारी सर्वसाधारण सभा आहे. बजेट शून्य, विकतचं काही सुचवू नका. काय टाकू?

पेठेतला:
विनरार टाका. विषय संपला. चाळीस दिवसांनंतरही उघडतं, फक्त पैसे भरा म्हणून खिडकी येते, ती बंद करायची.

कर्वेरोड:
उघडतं म्हणजे फुकट होत नाही. चाळीस दिवस चाचणी, पुढे वापरायचं तर लायसन्स घ्या असं त्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलंय. मी पैसे देऊन घेतलंय. एकदाच भरायचे असतात, दरवर्षी नाही, आणि मोडक्या रार फाइल्स दुरुस्त करण्यात त्याचा हात दुसरं कोणी धरत नाही. इतकं काम करतं तर घेऊन टाका की.

ऑफलाइन:
त्यांनी बजेट शून्य लिहिलंय. सेव्हन-झिपच ठेवा, पण ९.२० काढा. ती २०१० सालची आवृत्ती आहे. रारचा पाचवा फॉरमॅट विनरार ५ बरोबर २०१३ मध्ये आला, आणि तो वाचण्याची सोय सेव्हन-झिपमध्ये २०१५ च्या १५.०६ पासून झाली. म्हणून जुनं सेव्हन-झिप 'ही आर्काइव्हच नाही' म्हणतं. फाइल बिघडलेली असेलच असं नाही.

नवं उतरवताना पत्ता नीट बघा: सेव्हन-झिप डॉट ओआरजी. त्याच नावाची डॉट कॉम साइट मूळ लेखकाची नाही, तिकडे जाऊ नका. तुमचं विंडोज ६४ बिटचं आहे का ते सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये दिसेल, त्याप्रमाणे घ्या.

वेताळटेकडी:
४ जीबी रॅमवर विंडोज १० म्हणजे त्रासच. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तपकीर गल्लीत, संगणकाच्या बाजारात जाऊन एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम बसवून घ्या. नाहीतर सरळ विंडोज ११ वाला लॅपटॉप घ्या, त्यात २०२३ च्या अपडेटनंतर रार आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचा स्वतःचा प्रकार) आपोआप उघडतात, वेगळं काही टाकावंच लागत नाही.

ऑफलाइन:
रार उघडायला नवा लॅपटॉप? रॅमचा इथे संबंध नाही. नेहमीच्या रार फाइलची डिक्शनरी, म्हणजे उघडताना मेमरीत लागणारी जागा, ३२ एमबीच्या आसपास असते, ४ जीबीत आरामात बसते. आणि विंडोज ११ चं अंगभूत साधन पासवर्ड लावलेली रार उघडत नाही.

पेठेतला:
तेच म्हणतोय, विनरार टाका.

मुठाकाठ:
विनरार टाकलंच तर ७.१३ किंवा त्यापुढचं टाका. जुलै २०२५ मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी बंद केली. तोवर तिचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले झाले होते. ते स्वतःहून अपडेट होत नाही, दर वेळी आपणच नवी आवृत्ती बसवायची. सेव्हन-झिपचंही तसंच, तिथे किमान २५.०१ असावी.

निळी_शाई:
कशाला काही टाकता, 'ऑनलाइन रार उघडा' असं शोधा. फाइल चढवायची, आतलं उतरवायचं.

मुठाकाठ:
कृपा करून हे करू नका. पुनर्विकासाच्या कागदांत सभासदांची नावं, सह्या, फ्लॅटचं क्षेत्रफळ, कधी पॅनही असतात. ते अनोळखी सर्व्हरवर चढवायचं नाही. शिवाय पाच भाग, एकूण आठ-नऊ जीबी चढवायला किती वेळ लागेल ते बघा.

पासवर्डवाला:
पासवर्डचं निघालंच आहे तर: आधारची ऑफलाइन केवायसी झिप उघडताना आपण स्वतः टाकलेला शेअर कोडच पासवर्ड असतो. ई-आधार पीडीएफचा वेगळा: नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. लोक या दोन्हींत गोंधळ करतात.

सहकारनगर_सचिव:
पासवर्ड नाहीये. नवं सेव्हन-झिप टाकलं. पहिली फाइल उघडली, आतली यादी दिसली. खिडकीतून फाइल्स डेस्कटॉपवर ओढल्या तर मध्येच 'जागा नाही'. मग डीवर काढायला गेलो तर निम्म्यापाशी 'डेटा एरर'. आता?

ऑफलाइन:
दोन वेगळ्या अडचणी आहेत.

जागेची आधी. डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, तिथे ९ जीबीत एवढं मावणार नाही. दुसरं म्हणजे सेव्हन-झिपच्या खिडकीतून फाइल ओढली की ती आधी सीवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडून मग जिथे सोडली तिथे कॉपी होण्याची शक्यता असते. म्हणजे डीवर ओढूनही सी भरू शकतं. ओढू नका. पार्ट१ वर उजवं क्लिक, सेव्हन-झिप, एक्स्ट्रॅक्ट फाइल्स, आणि जागा म्हणून डीमधलं फोल्डर द्या. भागांचे आठ-नऊ जीबी अधिक आतलं सगळं, असे वीसेक जीबी मोकळे ठेवा.

आता डेटा एरर. पाचही भाग एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक्सप्लोररमध्ये डिटेल्स दृश्य लावा. शेवटचा सोडून सगळ्या भागांचा आकार तंतोतंत सारखा हवा. दोन जीबीचे तुकडे असतील तर पहिल्या चारही भागांपुढे २०,९७,१५२ केबी दिसेल. एखादा कमी दिसला तर तो अर्धवट उतरलाय. नावंही तपासा. तोच भाग दुसऱ्यांदा उतरवला की ब्राउझर नावात कंसात १ घालतो, मग साखळी तुटते आणि पुढचा भाग सापडत नाही. काढायला फक्त पार्ट१ सांगायचा, बाकीचे ते स्वतः शोधतं. सगळं जागेवर आलं की आधी 'टेस्ट आर्काइव्ह' चालवा, डिस्कवर काही न लिहिता पाचही भाग तपासून होतात.

कर्वेरोड:
म्हणून विनरार म्हणत होतो. रिपेअर नावाचं बटण आहे त्यात.

ऑफलाइन:
पाठवणाऱ्याने रार बनवताना रिकव्हरी रेकॉर्ड, म्हणजे दुरुस्तीपुरती जादा माहिती, घातला असेल तरच ते चालतं. तोही साधारण तीन टक्क्यांचा असतो. थोडे बाइट्स बिघडले तर वाचवतो, भागाचा मोठा तुकडाच गायब असेल तर नाही.

मुठाकाठ:
ड्राइव्हवरून पूर्ण फोल्डर एकदम उतरवू नका. गूगल त्याच्या स्वतःच्या झिप बनवतं, मोठं असेल तर दोन-तीन, आणि तुमच्या रार त्यांत विखुरल्या जातात. त्या झिप एकमेकींचे भाग नसतात, प्रत्येक वेगळी उघडावी लागते. एकेक रार निवडून उतरवा. 'फाइल मोठी आहे, व्हायरससाठी तपासता येत नाही' हा इशारा १०० एमबीच्या वर नेहमीच येतो, त्याने घाबरू नका.

वेताळटेकडी:
एसएसडीचं मात्र मनावर घ्या.

निळी_शाई:
आतल्या फाइल्सची मराठी नावं चौकोन-चौकोन दिसली तर?

पासवर्डवाला:
ते जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये होतं, तिथे नाव कुठल्या संकेतप्रणालीत लिहिलंय याची नोंदच नसते. रारमध्ये नावं युनिकोडमध्ये असतात.

सहकारनगर_सचिव:
पार्ट३ फक्त १३,४०,९२८ केबी आहे. बाकीचे बरोबर. म्हणजे तोच अर्धवट.

सगळ्यांचे आभार, पण पुन्हा दोन जीबी उतरवत बसत नाही. आर्किटेक्टचं ऑफिस डेक्कनला आहे, शनिवारी तिकडे जाणारच आहे. १६ जीबीचा पेनड्राइव्ह नेतो आणि न आवळलेल्या फाइल्सच घेऊन येतो.

पेठेतला:
एक भाग पुन्हा उतरवायला किती वेळ लागतो हो! बाकी चार आलेच आहेत.

ऑफलाइन:
मीही पार्ट३ च पुन्हा उतरवला असता. पण न्यायचाच असेल तर पेनड्राइव्ह आज तपासा. ३२ जीबीपर्यंतचे बहुतेक फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून येतात, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही, जागा मोकळी असली तरी. एकत्र पीडीएफ किंवा थ्रीडी व्हिडिओ तेवढा असू शकतो. उजवं क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. आधीचं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी काढून ठेवा. आणि नकाशे डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या फाइल्स) असतील तर पीडीएफही मागून घ्या, सभेत प्रोजेक्टरवर तेच सोपं पडतं.

सहकारनगर_सचिव:
फॅट-३२ च निघाला. एक्सफॅट केला. पीडीएफसाठी त्यांना आत्ताच निरोप पाठवला.