धुरकट शहरात श्वास कसा सांभाळता? तुमचे अनुभव सांगा

हवा खराब आहे हे आता कुणी सांगायला लागत नाही. त्यावरचे सल्लेही ढिगाने मिळतात, आणि त्यातला सर्वांत लाडका म्हणजे "शहर सोडा". नोकरी, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील यांच्यासकट शहर कसं सोडायचं ते मात्र सल्ला देणारा सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना इथेच राहायचंय त्यांनी काय केलं, कशाने फरक पडला, पैसे कशावर वाया गेले, ते लिहा. एकच विनंती: औषधाचा डोस लिहू नका, तो माणसागणिक वेगळा असतो.

आकडा डोक्यात असावा म्हणून एवढंच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ या बारीक कणांची मर्यादा कडक केली: वर्षाची सरासरी दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची १५. संघटनेच्याच म्हणण्यानुसार जगातली ९९ टक्के माणसं तिच्या मर्यादांपेक्षा वाईट हवेत राहतात. तेव्हा "आमच्याकडे तेवढं नाही हो" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

सुरुवात मीच करते. दमा लहानपणापासूनचा. घरात "पंपाची सवय लागते" ही भीती इतकी, की पंप कपाटात आणि मी रात्रभर उशीला टेकून बसलेली. दमेकऱ्याकडे साधारण दोन प्रकारचे पंप असतात. एक श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारा, दुसरा नळ्यांच्या आतली सूज कमी ठेवणारा, स्टिरॉइडचा. पहिल्याने काही मिनिटांत बरं वाटतं म्हणून तोच आवडता होतो. सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याबद्दलच्या 'जिना' या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात की नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर भागवू नका. माझ्या डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध बदललं, आणि ते बरं वाटत असतानाही रोज घ्यायचं म्हणून बजावलं. हवा तीच आहे, पण रात्रीचं उठून बसणं जवळपास थांबलं. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून जोडायची पोकळ नळी, लावून घेते आणि नंतर चूळ भरते, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. स्टिरॉइड म्हटलं की दचकणाऱ्यांसाठी: यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीच्या मानाने फारच कमी.

आता तुम्ही.

पहाटफेरी

पहाटे चालायला जाणं हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. थंडीत मात्र परत आलो की घसा खरखरायचा. हवामानशास्त्र शिकलेल्या एका स्नेह्याने उलगडा केला. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं की तो थर मोडतो. म्हणजे पहाटेची शुद्ध हवा थंडीपुरती तरी नुसती म्हणायची! आता थंडीत अकराच्या पुढे निघतो. उन्हाळ्यात उलटं, कारण कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन तयार होतो आणि तो दुपारी चढतो. निवृत्त माणसाला परवडतं हे सगळं.

दुचाकीवाला

काका, परवडण्याचं अगदी बरोबर बोललात. मी घरोघरी सामान पोचवतो, वेळ निवडायची सोय नाही. आधी रुमाल बांधायचो. रुमालाने ऊन अडतं, पीएम २.५ नाही. आता एन९५ मास्क लावतो. एन९५ चा अर्थ ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारा, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. मी दाढी काढली. बायकोला आवडलं नाही, छातीला आवडलं. धुरातले वायू मात्र तो अडवत नाही. म्हणून सिग्नलला बसच्या धुराड्यामागे उभा राहत नाही, दोन गाड्या मागे थांबतो किंवा बाजूला होतो. जमेल तिथे मोठ्या रस्त्याला समांतर आतली गल्ली धरतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण संध्याकाळी डोकं दुखत नाही.

यंत्रवेडा

माझ्याकडे कण मोजायचं छोटं यंत्र आहे आणि मी घरच्यांना त्याने पुरेसं छळलंय. दोन गोष्टी कळल्या. धुक्याच्या दिवशी स्वस्त लेझर यंत्र पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतं, तेव्हा लगेच घाबरू नका. आणि आमच्या घरात सर्वांत मोठा आकडा रस्त्यामुळे नाही, तळण चालू असताना दिसला. धूर बाहेर फेकणारा पंखा लावल्यावर तो उतरला. धूर गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या चिमणीचा तितका उपयोग नाही.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेताना 'सीएडीआर', म्हणजे ते मिनिटाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, बघा. ढोबळ हिशेब असा: खोली जितके चौरस फूट, त्याच्या निदान दोन तृतीयांश घनफूट प्रति मिनिट. दीडशे फुटांच्या खोलीला शंभर. हेपा गाळणी कण पकडते, वायूंना हात लावत नाही; त्यासाठी सक्रिय कोळशाचा भरपूर थर लागतो. ओझोन सोडणारी यंत्रं मुळीच घेऊ नका. कुंडीतल्या झाडांनी हवा शुद्ध होते हे ऐकायला छान वाटतं, पण चार कुंड्यांनी मोजण्याइतका फरक पडत नाही. (झाडं ठेवा, सुंदर दिसतात.) बजेट नसेल तर चौकोनी पंख्याला चारी बाजूंनी गाळण्या चिकटवून करतात तो कॉर्सी-रोझेन्थल खोका बघा. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी २०२० मध्ये ही कल्पना पुढे आणली. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख करतो.

फरशीकाम

लोक रस्त्याच्या धुराचं बोलतात. आम्ही दगड, फरशी कापतो तेव्हा उडतं ते सिलिका, दगडातली बारीक धूळ. त्याने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. पाणी सोडून कापा. मालक म्हणतो चिखल होतो. होऊ दे.

मुलगी

बाबांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही. दम लागायचा तेव्हा "वय झालं" असंच ऐकायला मिळालं, आम्हीही तेच धरून चाललो. शेवटी नळीत जोराने फुंकायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, झाली आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसांचा आजार, निघाला. तरुणपणी बंद स्वयंपाकघरातला धूर, नंतर कारखान्यातली धूळ, आणि राहणं कायम हमरस्त्यावर. सिगारेटशिवायही हा आजार होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं कसं वापरायचं ते शिकता येतं. फिजिओथेरपिस्टने शिकवलं: नाकाने श्वास घ्यायचा, ओठ शिट्टी वाजवायच्या बेतात ठेवून सोडायचा, घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून. जिना चढताना श्वास सोडत पाऊल टाकायचं. अंघोळ बसून. बाबांना स्टुलाचा आधी भयंकर राग यायचा, "मी काय आजारी आहे का?" म्हणून. आता त्याच स्टुलावर बसून गाणी म्हणतात. व्यायाम बंद करू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसल्याने स्नायू गळतात, मग आणखी लवकर दम लागतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. कफाचा रंग बदलला किंवा तो वाढला की वाट न बघता फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय.

सांभाळणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. रात्री त्यांचा श्वास ऐकत झोपायची इतकी सवय झाली की बाहेरगावी गेले तर शांततेनेच जाग येते. भावाशी वाटणी करून घेतली, आठवड्यातल्या दोन रात्री त्याच्या. ही वाटणी ज्यांनी केली नसेल त्यांनी आधी ती करावी, यंत्र नंतर घ्यावं.

तळमजला

शेजारच्या बांधकामाची धूळ. तक्रार केली, पाणी मारायला लागले, आठवड्यात बंद. पुन्हा तक्रार. आता महिन्याचं कामच झालंय. घरात केरसुणी बंद करून ओल्या फडक्याने पुसतो.

वर्गशिक्षिका

मुलांचं वेगळं असतं. शरीराच्या मानाने ती जास्त हवा घेतात, आणि पळताना तर कितीतरी पट. आमच्याकडे आता हवेचा आकडा बघून मैदानाचा तास आत घेतात. पालकांची दोन्हीकडून भांडणं: "खेळायलाच देत नाही" आणि "बाहेर काढलंच का". मला विचाराल तर खेळ बंद नको, धावण्याच्या जागी हलकं काहीतरी.

पण खरी लढाई पंपाची होती. नियमानुसार सगळी औषधं कार्यालयात, कुलपात. दम लागलेल्या मुलाने दोन जिने उतरून किल्लीवाल्या शिपायाला शोधायचं! पालकांकडून डॉक्टरांची चिठ्ठी आणि लेखी परवानगी घेतली. आता मोठ्या मुलांचा पंप त्यांच्या दप्तरात असतो, लहानांचा वर्गशिक्षकाच्या टेबलाच्या खणात, नाव लिहून आणि स्पेसरसकट. संपण्याची तारीख सत्राच्या सुरुवातीला तपासायची. कुणाच्या शाळेत हे अडलं असेल तर अर्जाचा मसुदा मागा, देईन.